हलगीवाल्याचं नाव कुठं आहे?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत आपल्या चपलेची जुळी बहीण दिसली आणि कोल्हापूर खवळलं. चप्पल लाइनीपासून सुभाषनगरपर्यंत आणि तिथून थेट मुंबईपर्यंत एकच बोंब उठली. कारागिरी आमची, २०१९ पासून भौगोलिक मानांकन आमच्या नावावर, आणि हे लोक कोल्हापूरचा साधा उल्लेखसुद्धा करत नाहीत? शेवटी कंपनीला कबूल करावं लागलं की ही प्रेरणा भारतीय कारागिरांच्या परंपरेतून घेतली आहे. राग अगदी रास्त होता. पण मिलानवर काढलेला हा राग आपण गावात का आणत नाही, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

कारण त्याच पावसाळ्यात, गणपतीच्या तोंडावर, इथल्या पोरांची रॅपची गाणी मोबाइलवरून फिरत होती. पेठा, तालमी, फुटबॉल, रंकाळा, तांबडा-पांढरा, सगळं त्यात. तोंडात अस्सल पेठी भाषा आणि खाली हलगी-घुमकं. त्यातली काही खरोखर चांगली आहेत, आणि पुण्या-मुंबईची पोरं आपली बोली उसनी घेऊन जे करतात त्यापेक्षा तर कैक पटीनं बरी. पण गाण्याखालची माहिती जरा उघडून बघा. म्हणणाऱ्याचं नाव आहे, कॅमेरावाल्याचं आहे, ड्रोनवाल्याचं आहे. शूटिंगला गाडी देणाऱ्या शोरूमचे आभार आहेत, दादांचे आशीर्वाद आहेत, साहेबांचे विशेष आशीर्वाद आहेत. हलगी कुणी वाजवली? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गाण्यांखाली ते नाही. बऱ्याचदा शब्द लिहिणाऱ्याचंही नाव नसतं. लिहिणारा एक आणि म्हणणारा दुसरा हे कबूल करायला रॅपरला कमीपणा वाटतो.

यावर गावात चर्चा होत नाही. चर्चा होते ती रॅप आपल्या संस्कृतीत बसतं की नाही याची. गायक आलादियाखाँसाहेबांना आश्रय देणाऱ्या शाहूंच्या नगरीत हे काय चाललंय, असं ज्येष्ठ म्हणतात, आणि पोरं म्हणतात, काका, तुमचा जमाना गेला. दोन्ही बाजूंना हा वाद सोयीचा आहे, कारण त्यात कुणाच्या खिशाला हात लागत नाही. कलगी-तुऱ्याचे सामने ऐकत वाढलेल्या मुलखाला डफाच्या ठेक्यावर एकमेकांना शब्दांत पाडणं परकं वाटायचं कारणच नाही. भेदिक शाहिरीत समोरच्याला कोड्यात पकडायचं, त्यानं ते सोडवून उलटा सवाल टाकायचा, रात्र सरेपर्यंत हेच. रॅप बसतं. विषय संपला.

विषय संपत नाही तो वाट्याचा. आणि त्यासाठी रॅपच्या अगदी पहिल्या मोठ्या हिट गाण्याची कथा आपल्या पोरांनी नीट ऐकली पाहिजे, कारण आज कोल्हापुरात जे चाललंय ते सगळं त्या एका गाण्यात १९७९ साली होऊन गेलंय.

गाणं 'रॅपर्स डिलाइट', गट शुगरहिल गँग. गट म्हणायचं तरी कसं? गाण्याच्या आधी तो अस्तित्वातच नव्हता. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये काही वर्षं रॅप गल्लीत, बागेत, समाजमंदिरांच्या पार्ट्यांत चाललं होतं. दोन तबकड्या फिरवणारा डीजे आणि माइकवर बोलणारी पोरं. त्याची रेकॉर्ड निघू शकते असं त्या पोरांच्या स्वप्नातही नव्हतं. ते सुचलं सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंना. त्या स्वतः १९५० च्या दशकात हिट गाणी दिलेल्या गायिका, आणि आता नवऱ्यासोबत शेजारच्या न्यू जर्सीत छोटी रेकॉर्ड कंपनी चालवत होत्या. हार्लेममधल्या एका पार्टीत त्यांनी हा प्रकार ऐकला आणि ठरवलं, याची रेकॉर्ड काढायची. ब्राँक्समधले नावाजलेले लोक आले नाहीत म्हणून त्यांनी आपल्या एंगलवूड गावातच पोरं शोधली. एक जण पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्याची चाचणी दुकानासमोर उभ्या केलेल्या मोटारीत झाली. हा हेन्री जॅक्सन, म्हणजे बिग बँक हँक. त्याच्याबरोबर वंडर माइक आणि मास्टर जी असे आणखी दोघे मिळाले आणि गट तयार झाला.

आता या हँकची गंमत बघा. तो स्वतः काही लिहीत नव्हता. तो ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर कॅझ या भारी रॅपरचा मित्र होता आणि त्याच्या गटाचं व्यवस्थापन बघायचा. रेकॉर्डिंग ठरल्यावर तो कॅझकडे गेला, आणि कॅझनं वही पुढे केली. घे, काय हवं ते घे. कागद नाही, पैसे नाहीत, अट नाही. यारी. हँकनं ओळी इतक्या तंतोतंत उचलल्या की कॅझनं स्वतःचं जुनं टोपणनाव, कॅसानोव्हा फ्लाय, एकेका अक्षरानं फोडून ज्या ओळीत गुंफलं होतं तीसुद्धा तशीच म्हटली. जगभर वाजलेल्या त्या रेकॉर्डवर हँक मोठ्या दिमाखात स्वतःची ओळख करून देतो आणि नाव सांगतो दुसऱ्याचं. अमेरिकेच्या मुख्य यादीत रॅपचं गाणं पहिल्यांदाच पहिल्या चाळिसात गेलं, ३६ व्या क्रमांकावर, आणि इंग्लंडमध्ये तर तिसऱ्या. ज्यांच्या गल्लीत हे सगळं जन्मलं ते ब्राँक्सवाले रेडिओ ऐकून एकमेकांना विचारत होते, हे तिघे कोण? कॅझच्या हाती त्या गाण्याचं काही लागलं नाही. पुढची कित्येक वर्षं तो हेच सांगत राहिला.

चाल कुणाची? तीही उसनी. शिक नावाच्या बँडचं 'गुड टाइम्स' त्याच उन्हाळ्यात गाजत होतं. त्याचा ठेका आणि बास गिटारची ओळ स्टुडिओत वादक बसवून पुन्हा वाजवून घेतली. तेव्हा तुकडा कापून पुन्हापुन्हा फिरवायचं यंत्र हाताशी नव्हतं, त्यामुळे वादकांना तोच तुकडा न चुकता पंधराएक मिनिटं वाजवावा लागला. चिप शिअरिन नावाचा १७ वर्षांचा पोरगा बास वाजवत होता. त्यानं पुढे सांगितलं त्याप्रमाणे त्याला मिळाले ७० डॉलर. शिकचा गिटारवादक नाइल रॉजर्स यानं हे गाणं एका क्लबमध्ये ऐकलं आणि त्याचं डोकं सणकलं. तो आणि त्याचा जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याची भाषा केली, आणि गाण्याच्या लेखनात त्यांची नावं लागली. तिथून पुढे त्यांना पैसे मिळत राहिले.

तीन माणसं, तीन हिशेब. रॉजर्सकडे नोंदवलेलं गाणं होतं आणि वकील होता, त्याला नावही मिळालं आणि वाटाही. शिअरिनकडे फक्त हात होते, त्याला मजुरी मिळाली. कॅझकडे मैत्री होती, त्याला काही नाही. कला तिघांचीही अस्सल. फरक फक्त कागदाचा.

तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच कंपनीनं 'द मेसेज' काढलं. पार्टी सोडून झोपडपट्टीच्या जगण्यावर बोलणारं ते पहिलं मोठं रॅप गाणं. नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्हचं, पण लिहिलं मुख्यतः कंपनीच्या वादकांपैकी एड फ्लेचर यानं. गटातल्या मेली मेलनं त्यात आपलं एक कडवं घातलं, आणि ज्याचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आहे त्या फ्लॅशचा गाण्यात हातच नाही. नाचायला आलेल्या लोकांना स्वतःच्याच हालअपेष्टा कोण ऐकवणार, म्हणून गटालाच ते नको होतं. रॉबिन्सनबाई हटून बसल्या म्हणून ते झालं. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जतनासाठी पहिली पन्नास ध्वनिमुद्रणं निवडली, त्यांत हे गाणं आहे. बाईंची दृष्टी मानायलाच हवी. वाटपाच्या बाबतीत मात्र त्यांच्या कंपनीचं नाव चांगलं नव्हतं, पुढे फ्लॅशही कोर्टात गेला. दृष्टी असलेला माणूस हिशेबाला सरळ असेलच असं नसतं, हे चित्रपटसृष्टी जवळून पाहिलेल्या कोल्हापूरला सांगायला नको.

आपल्याकडे ही सोय शाहिरांनी फार आधी करून ठेवली होती. पेशवाईच्या अखेरीस होनाजी लिहायचा आणि बाळा गायचा. लावणीच्या शेवटी मुद्रा यायची ती होनाजी बाळा अशी. शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा आणि नाव दोघांचं, तेही गाण्याच्या आत शिवलेलं. कुणी ती लावणी चोरून म्हटली तरी नाव म्हणावंच लागणार. भेदिकाच्या फडातला शाहीर आजही शेवटी आपलं, गुरूचं आणि गावाचं नाव घेतो. नंतर आकाशवाणीनं हे काम आपल्या पद्धतीनं केलं. गीतकार, संगीतकार, गायक, तिघांची नावं घेतल्याशिवाय गाणं लागायचं नाही. जगदीश खेबुडकर हे नाव घराघरांत पोचलं त्यात त्या निवेदनाचा वाटा मोठा आहे. मोबाइल आला आणि निवेदक गेला. आता गाण्याचे पंधरा सेकंद तेवढे फिरतात, आणि त्या पंधरा सेकंदांत मुद्रा कधीच येत नाही.

एका स्टुडिओत हलगीचं रेकॉर्डिंग चाललेलं मी पाहिलं आहे. स्टुडिओ म्हणजे फ्लॅटची एक खोली, भिंतींना फोम, दाराला जाड पडदा. पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडलेलं, म्हणून वाजवणारे काका जिन्यात उभे राहून वर्तमानपत्राच्या जाळावर ती शेकत होते. मधूनच बोटांनी टिचकी मारून कानाशी धरायचे, परत जाळावर. आत आल्यावर पहिल्याच ठोक्याला संगणकावरचा काटा लाल झाला, तेव्हा त्यांना माइकपासून लांब, पार पडद्यापाशी उभं केलं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. त्यांनी कुस्तीचा ठेका धरला, मग मिरवणुकीचा, मग दोन्हींच्या मधला काहीतरी, जो बहुधा त्या क्षणी त्यांच्याच हातातून आला होता. संगणकावरच्या पोरानं त्यातली चार आवर्तनं कापली, पुढं-मागं जोडून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "झालं काका, एवढं बास." पाचशेची नोट आणि वर चहा. काकांची तक्रार नव्हती. उलट एवढ्याशा वाजवण्याचे पाचशे म्हणून खूशच होते.

ती चार आवर्तनं त्या गाण्यात अडीच मिनिटं वाजतात. नंतर त्याच फोल्डरमधून ती एका वाढदिवसाच्या गाण्यात गेली, मग एका तालमीच्या गाण्यात. बास वाजवणाऱ्या त्या शिअरिनला निदान पंधरा मिनिटं वाजवावं तरी लागलं होतं. इथे माणूस एकदा वाजवून घरी जातो आणि त्याचे हात फायलीत राहतात. वेळेच्या हिशेबानं मजुरी देण्याचा जो जुना नियम होता तो यंत्रानं मोडला, आणि आपण मात्र अजून त्याच नियमानं पाचशे काढून देतो.

त्या पाचशेमागे आणखी एक जुनी सवय आहे, आणि ती सांगायला आपण कचरतो. हलगी गावगाड्यात कुणाच्या हातात होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. दवंडी, जत्रा, लग्न, मयत, सगळीकडे वाजवायचं ते गावकीचं काम म्हणून, आणि मोबदला म्हणून बलुतं किंवा भाकरी. त्या वाजवण्याला कुणी कला म्हणत नव्हतं, त्यामुळे कलाकाराचं नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द करून जमिनी रयतावा, म्हणजे साध्या शेतसाऱ्याच्या, केल्या, माणसाला गावकीच्या फुकट राबण्यातून मोकळं केलं. ऊठसूट त्यांचं नाव घेणाऱ्या शहरात, त्यांच्यावरच्याच रॅप गाण्यात, हलगीवाला निनावी राहतो. हे आपल्याला खटकत नाही, कारण त्याचं निनावी असणं आपल्या डोळ्यांना सरावाचं आहे. गाणं नवं, वाटप मात्र बलुत्याचं.

आता मला काय ऐकून घ्यावं लागणार हे ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, "भावा, आपल्यात कसला कागूद?" कॅझ आणि हँक यांच्यातही नव्हता. यारी तुटते ती कागदामुळे नव्हे, गाणं चालल्यामुळे. गाणं पडलं तर सगळे मित्रच असतात.

दुसरं, यात पैसा कुठं आहे? प्रश्न अर्धा खरा आहे. हजारो वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओतून हातात पडणारी रक्कम चहापाण्याची असते. वर कितीतरी पोरं यूट्यूबवरून तयार बीट, म्हणजे गाण्याखालचं संगीत, उचलतात, 'फुकट' असं लिहिलेली. ती फक्त कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असते हे वाचत नाहीत, आणि गाणं चालल्याबरोबर बीटवाल्याचा दावा येऊन सगळी कमाई परस्पर तिकडे वळते. म्हणजे दूरच्या कुठल्याशा बीटवाल्याचा हक्क यंत्र आपोआप वसूल करतं, आणि गल्लीतल्या हलगीवाल्याचा हक्क मात्र माणसाच्या मर्जीवर. शिवाय खरा पैसा व्हिडिओत नसतोच. तो नवरात्रीच्या स्टेजवर, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, दुकानाच्या उद्घाटनात आणि सगळ्यांत जास्त नेत्यांच्या वाढदिवसात असतो. तिथं गाणं तेच वाजतं, जातो मात्र एकटा रॅपर, गळ्यात चेन घालून.

तिसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. हलगीचा ठेका लोकपरंपरेचा, तो सगळ्यांचा, त्यावर एकाचा हक्क कसा? ठेक्यावर हक्क नाहीच, कबूल. कुस्तीचा ठेका उद्या कुणीही वाजवावा. पण त्या दिवशी त्या पडद्यापाशी जे वाजलं ते त्या माणसाचं वाजवणं होतं, आणि हा फरक आपला कायदाही करतो. वाजवणाऱ्याला सादरकर्ता म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आहे, आणि सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा किल्ला लढवला होता. तिच्यामुळे शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा यांचा रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा असा पक्का झाला की तो त्यांनी स्वतः लिहून दिला तरी सुटत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच तो देता येतो. हक्क तोंडी विकताच येत नाहीत, सही लागते. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरला जातो. हे आपल्या किती रॅपरांना ठाऊक आहे? त्यांनी पंचवीस हजारांना 'कायमचं' विकलेलं गाणं बहुधा कायमचं विकलं गेलेलंच नाही, आणि तोंडी व्यवहार असेल तर मुळात विकलंच गेलेलं नाही.

याच कायद्यात धार्मिक समारंभाला आणि लग्नाच्या वरातीला सूट आहे. त्यामुळे गणपतीच्या मिरवणुकीत गाणं वाजलं म्हणून मंडळांकडे बिल घेऊन धावा असं मी म्हणत नाही. मंडळांचं मन मोठं असेल तर त्यांनी फ्लेक्सवर चाळीस हसऱ्या चेहऱ्यांच्या शेजारी लिहिणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव छापावं, एवढंच. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागाला मात्र मी आग्रहानं सांगेन. जिल्ह्यातल्या हलगी, घुमकं, कैताळ वाजवणाऱ्यांची नीट ध्वनिमुद्रणं करा, प्रत्येक तुकड्याला वाजवणाऱ्याचं नाव आणि वापराचा दर लावा, आणि पोरांना ती रीतसर मिळतील अशी व्यवस्था करा. आज पोरगा चोरतो त्याचं एक कारण हेही आहे की विकत घ्यायला दुकानच नाही.

सूट नाही ती राजकीय सभेला. आणि इथं कोल्हापूरचा खरा दुखरा भाग येतो, कारण निवडणुकीच्या हंगामात या गाण्यांचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे उमेदवार. चालू गाणं घेतो, त्यात स्वतःचं नाव घुसवून घेतो, रिक्षावर भोंगा बांधून ते पेठेपेठेतून फिरवतो आणि पोराच्या पाठीवर थाप मारतो, "तू आपलाच हाईस." याच मंडळींपैकी कितीतरी जण प्राडाच्या वेळी चप्पल हातात धरून फोटो काढून घ्यायला पुढं होते. उमेदवाराला मंडप, खुर्च्या, वडापाव, पेट्रोल या सगळ्याचा खर्च निवडणूक आयोगाला पावत्यांसह दाखवावा लागतो. तर गाणं मागायला येईल त्याच्या पुढ्यात एक पावती आधीच ठेवावी. लिहिणारा, म्हणणारा, वाजवणारा अशा तीन ओळी, प्रत्येकीपुढे नाव आणि रक्कम, आणि खाली त्याची सही. सही झाल्याशिवाय फाइल पाठवू नये.